सासर वीयपुरम, माहेर कारिच्चाल

आलप्पुळ्याला होड्यांची शर्यत बघायला निघालेल्या माणसाला लोक सांगतात, छत्री घ्या, टोपी घ्या, पाण्याची बाटली घ्या, पोटाच्या गोळ्या असू द्या. एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. ती म्हणजे निघण्याआधी एक होडी घ्या. विकत नव्हे, मनातल्या मनात. ही आपली, बाकीच्या परक्या, असं एकदा ठरवून टाका आणि मग गाडीत बसा.

कारण शर्यत असते साडेचार मिनिटांची. तिच्यासाठी सकाळपासून पुन्नमडा तलावाच्या काठी बाकड्यावर बसायचं. आधी लहान होड्यांच्या शर्यती, मग पुढाऱ्यांची भाषणं, मग मोठ्या होड्यांच्या प्राथमिक फेऱ्या, आणि उन्हं कलायला लागली की अंतिम सामना. ज्याची कुठलीच बाजू नाही त्याला त्यात दिसणार काय? लांबलचक काळ्या होड्या, त्यांत खच्चून बसलेली माणसं. इकडून आल्या, तिकडे गेल्या. टाळ्या झाल्या. चला, बस कुठे लागलीय?

खेळ तटस्थपणे बघावा असं आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. शिकवणारे गुरुजी आंतरशालेय कबड्डीच्या वेळी रेषेच्या आत जाऊन पंचाशी भांडत, तो भाग वेगळा.

आमची बाजू आमच्या चेट्टननं ठरवून टाकली. चेट्टन म्हणजे मल्याळीत थोरला भाऊ. हा माझा जुना सहकारी. नोकरीची सगळी वर्षं डोंबिवलीहून फोर्टला लोकलनं लटकत गेला आणि निवृत्त झाल्यावर हरिपाडच्या बाजूला, आपल्या गावी जाऊन राहिला. त्याचं मराठी अजून शाबूत आहे. चेचीचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, त्याच्याहून चांगलं आहे, कारण तो मराठी हापिसात शिकला आणि ती भाजीवालीशी घासाघीस करताना. चेट्टनचं गाव वीयपुरम. चेचीचं माहेर कारिच्चाल. दोन्ही गावं एकमेकांच्या शेजारची, आणि दोन्ही गावांच्या नावाच्या चुंडन, म्हणजे शर्यतीच्या मोठ्या लांबलचक होड्या. एवढी माहिती मिळाल्यावर त्या घरात पाऊल टाकताना माणसानं सावध व्हायला हवं. चेचीनं पहिल्याच दिवशी हिच्यापुढे, म्हणजे माझ्या बायकोपुढे, गुळात घोळवलेल्या केळ्याच्या फोडींचा डबा ठेवला. ओणम नुकताच होऊन गेला होता. डबा अर्धा व्हायच्या आत ही कारिच्चालची झाली. मग मी वीयपुरमचा झालो, हे ओघानं आलंच.

२०२४ ची ही गोष्ट. नेहरू ट्रॉफीची ही शर्यत तोवर एरवी ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी होत असे. त्या वर्षी जुलैच्या अखेरीस वायनाडला दरडी कोसळून शेकडो माणसं गेली आणि शर्यत २८ सप्टेंबरवर गेली. २०१८ च्या महापुरात ती नोव्हेंबरपर्यंत लांबली होती. त्या पुरात समुद्रावरच्या कोळ्यांनी आपल्या होड्या ट्रकवर घालून आणल्या आणि घराघरांतून माणसं बाहेर काढली. कुट्टनाडचा हा बराचसा मुलूख समुद्रसपाटीच्याही खाली. बांध घालून, पाणी उपसून भात पिकवायचा. पाऊस जास्त झाला की पाणी विचारून घरात येत नाही. अशा पाण्याशी वर्षातून एकदा खेळायचं, आणि खेळायला ते धड नसेल त्या वर्षी तारीख पुढे ढकलायची, असा इथला व्यवहार आहे. चेट्टन म्हणाला, “भाऊ, पाणी रागावलं की आपण गप बसायचं. बायकोसारखं.” चेची आतून म्हणाली, “मी ऐकलं.”

होडी बघायला त्यानं आम्हाला गावात नेलं. चुंडनची शेड देवळासारखीच असते. चपला बाहेर. आत सव्वाशे फुटांच्या आसपास लांब, काळीभोर, चकचकीत होडी. मागचं टोक दीड-दोन पुरुष उंच उठलेलं, त्यावर पितळेची नक्षी. रुंदी म्हणाल तर दोन माणसं शेजारी शेजारी कशीबशी मावतील इतकीच. आंजिलीचं, म्हणजे आपल्याकडच्या रानफणसाच्या जातीचं लाकूड. पूर्वी या होड्यांना माशाचं तेल, करवंटीचा कोळसा आणि अंडी असं मिश्रण चोळत, म्हणजे पाणी अंगाला चिकटत नाही. मी हळूच बोट फिरवून पाहिलं. तुळतुळीत. वास घेतला तेव्हा चेट्टन माझ्याकडे असा बघत होता, की जणू मी कुणाच्या तरी नवरीला हात लावलाय.

या होडीत नव्वदीच्या घरात वल्हेकरी बसतात. मागे लांब वल्ही घेऊन चार-पाच सुकाणूवाले उभे. त्यांच्या हातून वल्हं एक वीत इकडचं तिकडे झालं तर सगळी वरात शेजारच्या रांगेत. मध्यावर एक फळी, तिच्यावर एक जण मुसळासारखा दांडा आपटत असतो. त्या ठोक्यावर सगळी वल्ही पाण्यात पडायची आणि सगळी वर यायची. गाणारे वेगळे. शर्यतीच्या आधी काही आठवडे गावात शिबिर भरतं, पोरांना वेळेवर खायला घालतात, दारू बंद. चेट्टनच्या मते चार आठवडे अख्खं गाव दारूबंदीत राहतं हा या खेळाचा खरा विक्रम. त्याच्या डोळ्यांत मला थोडं दुःखही दिसलं.

नेहरूंची गोष्ट तो सांगायला लागला की चेची उठून स्वयंपाकघरात जाते. १९५२ साली पंतप्रधान पाण्याच्या वाटेनं आलप्पुळ्याकडे येत असताना त्यांच्या मानार्थ चुंडनची शर्यत लावली. नडुभागम होडी पहिली आली. पंडितजींना काय वाटलं कोण जाणे, सुरक्षेची माणसं बघत राहिली आणि हे सरळ उडी मारून त्या होडीत. तसेच धक्क्यापर्यंत वल्हेकऱ्यांबरोबर गेले. दिल्लीला परतल्यावर त्यांनी आपल्या सहीची चांदीची ट्रॉफी पाठवली, तीही चुंडनच्याच आकाराची. आधी तिचं नाव पंतप्रधान ट्रॉफी होतं, १९६९ पासून नेहरू ट्रॉफी. चेट्टनचा जन्म तेव्हा व्हायचा होता, पण गोष्ट सांगताना तो स्वतः होडीत असतो, आणि पंडितजी उडी मारतात तेव्हा बाजूला सरकून त्यांना जागा करून देतो. “नडुभागम जिंकली म्हणून तिच्यात चढले,” तो म्हणतो. “त्या दिवशी वीयपुरम जिंकली असती तर?” या प्रश्नावर इतिहासकारांनी विचार करावा.

शर्यतीच्या आदल्या दिवशी आम्ही आरन्मुळ्याला गेलो. पंबा नदीच्या काठी पार्थसारथीचं, म्हणजे आपल्या कृष्णाचं मंदिर. इथल्या होड्यांना पळ्ळियोडम म्हणतात, त्या देवाच्या मानतात, आणि इथे परंपरेनं पुढे कोण गेलं यापेक्षा ताल कुणाचा सुटला नाही हे बघतात. मुख्य सोहळा ओणमनंतरच्या उत्तरभाद्रपदा नक्षत्रावर असतो, तो होऊन गेला होता. पण आम्हाला मिळाली ती वळ्ळसद्या. सद्या म्हणजे केळीच्या पानावरचं साग्रसंगीत जेवण. नवस बोललेला यजमान एखाद्या गावच्या होडीतल्या मंडळींना जेवू घालतो. ती मंडळी गात गात नदीतून येतात, गात गात देवळाला प्रदक्षिणा घालतात आणि पानावर बसतात. पानावर साठाच्या वर पदार्थ. आता गंमत अशी, की ज्याला जे हवं ते त्यानं गाऊन मागायचं. केळं हवं असेल तर केळ्याचं कडवं, पायसम हवं असेल तर पायसमचं. आणि गाऊन मागितलेल्या पदार्थाला यजमानानं नाही म्हणायचं नाही.

आपल्याकडेही पंगतीत श्लोक म्हणत. पण आपला श्लोक यजमानाचं मन राखायला आणि पाठांतर दाखवायला. श्लोक म्हणून आणखी एक जिलबी मिळाल्याचं मी पाहिलेलं नाही. उलट श्लोक म्हणेपर्यंत वाढपी पुढे निघून जातो. इथे माझ्यासमोर एक धिप्पाड, पांढऱ्या मिशांचा गृहस्थ मांडी घालून बसला होता. खांद्यावर पंचा, कपाळावर चंदनाचं बोट. त्यानं डोळे मिटले, हात वर केला, कमावलेल्या आवाजात एक ओळ म्हटली. मागच्या तीसेक जणांनी ती उचलली. टाळ्यांचा ठेका लागला. देवळाच्या आवारात मला काटा आला. एवढ्या आर्त स्वरात हा मनुष्य भगवंताकडे काय मागतोय, म्हणून मी चेट्टनला विचारलं. “पापड,” चेट्टन म्हणाला.

पापड आले. वाढणारा पळत आला होता.

या होडीगीतांच्या चालीमागेही आपल्या ओळखीची गोष्ट आहे. अठराव्या शतकात रामपुरत्तु वारियर नावाचा कवी राजा मार्तंड वर्माबरोबर होडीतून जात होता. वाटेत राजानं काही ऐकवायला सांगितलं, तेव्हा त्यानं कुचेलाची गोष्ट वल्ह्यांच्या तालावर रचली, असं सांगतात. कुचेल म्हणजे आपला सुदामा. तेच फाटकं उपरणं, तेच मूठभर पोहे. पोह्यांना तिकडे अविल म्हणतात. कवी स्वतःही तसाच दरिद्री. आख्यायिका अशी, की राजानं त्याला दरबारी ठेवून घेतलं, काही बोलला नाही, आणि कवी घरी परतला तेव्हा झोपडीच्या जागी वाडा उभा. खरं असो नसो, पण दंडावर बेडक्या काढलेले नव्वद पैलवान ज्या चालीवर वल्ही मारतात ती एका अशक्त ब्राह्मणाच्या गोष्टीची आहे, हे मला फार आवडलं.

शर्यतीच्या दिवशी पुन्नमड्याच्या काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. हाउसबोटी हारीनं लागलेल्या, त्यांच्या टपांवर माणसं, नारळाच्या कलत्या खोडांवर माणसं, कमरेएवढ्या पाण्यात उभी माणसं. ध्वनिक्षेपकावर दोन गृहस्थ सकाळपासून बोलत होते आणि दोघांनाही श्वास घ्यायची गरज नसावी. त्यातलं मला फक्त होड्यांची नावं कळत होती. पण तेवढं पुरतं. “वीयपुरम” आलं की मी ताठ बसायचो. पुढेमागे काय म्हणाले, स्तुती की निंदा, ते चेट्टनच्या चेहऱ्यावरून वाचायचं.

आमच्या मागच्या बाकावर सांगलीचे एक काका निघाले. मराठी माणूस मराठी माणसाला परमुलखात डब्याच्या वासावरून ओळखतो. त्यांनी भाकरवडी उघडली आणि ओळख झाली. “आमच्याकडे कृष्णेत होतात की होड्यांच्या शर्यती,” ते म्हणाले. होतात, हे खरं आहे. पण त्यामुळे काकांना अधिकार प्राप्त झाला होता. अमुक होडीचा मागचा भाग जड आहे, तमुक होडीतली पोरं पाणी खोल घेत नाहीत, असं ते सकाळपासून सांगत होते. बाजू कुणाची, असं हिनं विचारल्यावर म्हणाले, “आपली कुणाचीच नाही. जो चांगला मारंल त्यो जिंकू दे.” हे वाक्य फक्त ज्याची होडी पाण्यात नाही तोच म्हणू शकतो.

चुंडन होड्या उतरायच्या आधी लहान होड्यांच्या शर्यती झाल्या. त्यांत बायकांच्या तेक्कनोडी होड्यांची शर्यत बघण्यासारखी. एका रंगाच्या साड्या-ब्लाउजांत सगळ्या वयाच्या बायका, आणि वल्ही अशी मारतात की जणू पाण्याचं काही तरी जुनं देणं फेडायचं आहे. हिनं विचारलं, “या चुंडनमध्ये का नाहीत?” चेट्टननं परंपरा, वजन, ताकद असं बरंच सांगितलं. चेची म्हणाली, “जिंकल्या तर पुरुष कुठे बसतील, म्हणून.” मला चेचीचं कारण जास्त पटलं.

मधल्या वेळात चेट्टननं मला एक गुंता समजावला, आणि तो समजल्यावर माझी तहानभूक गेली. होडी गावाची असते, पण ती मारणारे त्याच गावचे असतील असं नाही. बोट क्लब असतात. ते दर वर्षी एखाद्या गावची होडी घेतात. आता तर बाहेरच्या राज्यांतले पट्टीचे वल्हेकरीही पैसे देऊन आणतात, इतके की त्यांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. पल्लातुरुत्ती नावाचा क्लब २०१८ पासून जिंकतच होता. २०१८ ला पायिप्पाड, २०१९ ला नडुभागम, मग कोविडची दोन वर्षं कोरडी, २०२२ ला महादेविकाड काट्टिल तेक्केतिल, २०२३ ला वीयपुरम. दर वर्षी नवी होडी, कप मात्र त्यांचाच. आणि २०२४ ला?

“कारिच्चाल,” चेची गोड हसून म्हणाली.

म्हणजे गेल्या वर्षी ज्या पोरांनी वीयपुरमला जिंकून दिलं, ज्यांना वीयपुरमकरांनी खांद्यावर घेतलं, तीच पोरं यंदा वीयपुरमला हरवायला समोर. मी म्हटलं, मग गावानं जीव लावायचा कुणाला? लाकडाला की माणसांना? “लाकडाला,” चेट्टन म्हणाला. “माणसं काय, येतात जातात.” एका बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाकडून हे ऐकताना जरा बरं वाटलं नाही.

अंतिम फेरीत चार होड्या आल्या. कारिच्चाल, वीयपुरम, नडुभागम आणि निरणम. सव्वा किलोमीटरच्या आसपासचं अंतर. सुरुवात आमच्यापासून इतकी लांब, की आधी दिसतं ते फक्त पांढरं पाणी. मग त्या पांढऱ्यातून चार काळ्या रेघा निघतात. मग आवाज. आधी ठोके, मग गाणं, मग काठावरची आरोळी, आर्प्पो... इर्रो..., आणि नंतर काहीच वेगळं ऐकू येत नाही. होड्या समोर आल्या तेव्हा मी एकच गोष्ट नीट पाहिली. वीयपुरमच्या मध्यावर दांडा आपटणाऱ्या पोराचा चेहरा. तो पुढे बघत नव्हता, शेजारच्या होडीकडेही बघत नव्हता; खाली फळीकडे बघत होता, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर त्याचे दोन्ही पाय फळीवरून सुटत होते. एवढ्या गदारोळात शर्यत कोण जिंकतंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. तेवढा एकच तटस्थ माणूस मला तिथे दिसला. बाकी सांगलीचे काका बाकावर उभे राहून “वीयापूर! वीयापूर!” म्हणून ओरडत होते.

चारही होड्या एका सेकंदाच्या आत आल्या. पहिल्या दोन कुणालाच वेगळ्या दिसल्या नाहीत. चेट्टन म्हणाला आपण, चेची म्हणाली आम्ही. काठावरच्या हजारो लोकांनी आपापल्या सोयीनं निकाल लावून नाचायला सुरुवातही केली होती. मग यंत्रानं सांगितलं: कारिच्चाल ४ मिनिटं २९.७८५ सेकंद, वीयपुरम ४ मिनिटं २९.७९० सेकंद.

पाच सहस्रांश सेकंद. एवढ्यात पापणीही पुरती हलत नाही. त्या वेगानं चालणारी होडी तेवढ्या वेळात जेमतेम इंचभर पुढे सरकते, हा हिशेब मी रात्री कागदावर केला आणि चेट्टनला दाखवला. सव्वाशे फुटांची होडी, शंभराच्या आसपास माणसं, चार आठवडे दारूबंदी, आणि पराभव इंचाचा. वीयपुरमच्या क्लबनं निकालावर हरकत घेतली. निकाल कायम राहिला. घरातल्या हरकतीचंही तेच झालं. जेवताना चेट्टननं आमटी मागितली, तेव्हा चेची म्हणाली, “गाऊन मागा.” तो गायला. त्याला आमटी मिळाली, पण पाच मिनिटांनी. चेचीनं ती मिनिटं सहस्रांशात मोजून सांगितली.

परतीच्या प्रवासात हिनं कोकण रेल्वेच्या डब्यात दोन अनोळखी प्रवाशांना कारिच्चालच्या विजयाची हकिकत सांगितली. मी तिकडे लक्ष न देण्याचा प्रयत्न केला. रत्नागिरी यायच्या आत त्यांतला एक कारिच्चालचा झाला होता. दुसऱ्याला मी वेळेवर वीयपुरमचं सगळं समजावून सांगितलं.

पुढच्या वर्षी, ३० ऑगस्ट २०२५ ला, वीयपुरमनं नेहरू ट्रॉफी परत आणली. या खेपेला वल्ही कैनकरीच्या व्हिलेज बोट क्लबची होती. चेट्टनचा फोन येईल म्हणून मी संध्याकाळभर वाट पाहिली. फोन चेचीचा आला. कारिच्चालच्या नावावर एकूण १६ विजय आहेत आणि तेवढे दुसऱ्या कुठल्याही होडीचे नाहीत, एवढंच तिला कळवायचं होतं.